आईची शेवंती

आमच्या आईला गप्प बसलेलं मी फार थोड्या वेळा पाहिलं. स्टोव्हला पंप मारताना ती स्टोव्हशी बोलायची, मासे साफ करताना माशांशी, आणि घंटा वाजवत केरोसीनची गाडी आली की गाडीवाल्याशी. त्याला मराठी येत नाही आणि आपल्याला हिब्रू येत नाही, ही अडचण तिने कधी मानलीच नाही. म्हणूनच माझ्या बहिणीच्या, दिनाच्या, मेंदीच्या आदल्या दिवशी ती गप्प बसली, ती दुपार मला अजून लख्ख आठवते. पण ती सांगायची तर आधी शेवंतीची हकिगत सांगायला हवी.

बॉम्बे सोडून यहुद्यांच्या नव्या देशात आल्यावर किर्यात मलाखी या गावात आम्हाला शिकूनमध्ये घर मिळालं होतं. शिकून म्हणजे सरकारने बांधलेल्या एकसारख्या घरांच्या रांगा, दोन खोल्या आणि पुढे-मागे थोडी मोकळी जमीन. सगळी घरं इतकी सारखी की पहिल्याच आठवड्यात पप्पा कामावरून येऊन चुकून शेजारच्या क्लाराबाईंच्या घरात शिरले आणि बूट काढून चहाची वाट बघत बसले. क्लाराबाई रोमानियाच्या. त्यांनी मुकाट्याने चहा करून दिला. पप्पांना चहात आलं लागलं नाही तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं. तेव्हापासून दोन्ही घरांचा घरोबा झाला. क्लाराबाईंच्या मागच्या अंगणात तारेच्या जाळीत कोंबड्या असत आणि पहाटेपासून त्यांचा कलकलाट चाले. आई म्हणायची, बॉम्बेत गिरणीचा भोंगा होता, इथे कोंबड्या आहेत, आपल्या नशिबात सुखाची झोप नाही.

पप्पा संत्र्यांच्या बागेत पॅकिंगच्या शेडमध्ये होते. माझी थोरली बहीण दिना दवाखान्यात रोग्यांची कार्डं काढून देण्याच्या कामाला लागली होती. मी शाळेत. दिनाने हिब्रू आमच्या सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा चांगली उचलली. आईने मराठीत विचारलं की ती हिब्रूत उत्तर द्यायची. आई पुन्हा मराठीत विचारायची, ती पुन्हा हिब्रूत. मी मध्ये बसून जेवायची. आईचं माहेर रेवदंड्याजवळच्या एका गावात. तिच्या आईने विहिरीच्या कडेला शेवंतीचा वाफा राखला होता आणि आसपास आपल्या यहुदी लोकांत कुठेही लग्न निघालं की नवरीची वेणी त्या वाफ्यातून जायची. नवरी मेंदीला बसायची ती शेवंतीची वेणी घालूनच. मोगरा मिळाला तर तो वरून, पण शेवंती आधी. हे कुठल्या धर्मग्रंथात लिहिलेलं नाही. आईच्या घरात मात्र त्यावरून वाद घालायची सोय नव्हती.

आमच्या तिथल्या पहिल्याच हिवाळ्यानंतरची गोष्ट. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो, तो संपत आला होता. एका शब्बातला, म्हणजे शनिवारच्या सुट्टीला, जेवण झाल्यावर आम्ही गावाबाहेर फिरायला निघालो. कापसाच्या शेतांपलीकडे एक पडीक माळ होता, तो डोळ्यांत मावेना इतका पिवळा झाला होता. कमरेएवढी झाडं, कोथिंबिरीसारखी कातरलेली पानं आणि पिवळीजर्द फुलं. आई रस्त्यातच उभी राहिली.

“अगो बायांनो,” ती म्हणाली, “ही तर शेवंती. रानभर शेवंती.”

“ती शेवंती नाही, इमा,” दिना म्हणाली. इथे आल्यापासून आईला ती हिब्रूत इमाच म्हणायची. “तिला खार्त्सित म्हणतात. इथलं गवत आहे.”

“नाव काय वाटेल ते ठेवा. वास बघ.”

खरंच, पान चुरगळलं की शेवंतीचा तोच कडवट, जरा औषधी वास. फूल मात्र एकेरी, पाकळ्यांची एकच रांग. आईला त्याचं काही नव्हतं. शब्बातला काही तोडत-खुडत नाहीत म्हणून तिने त्या दिवशी एकही फूल तोडलं नाही, पण संध्याकाळी आकाशात तारे दिसले मात्र, ती पप्पांना घेऊन परत गेली आणि पदर भरून फुलं घेऊन आली. रविवारी सकाळी कामाला निघालेल्या दिनाच्या केसांत वेणी माळूनच तिने तिला दाराबाहेर सोडलं. दिना नको-नको म्हणत होती, पण बसची वेळ झाली होती.

संध्याकाळी ती परत आली ती वेणी हातात घेऊन. दवाखान्यात तिच्याबरोबर मल्का नावाची पोलंडची मुलगी होती, जिभेने तिखट. तिने सगळ्यांदेखत विचारलं होतं की तुमच्या हिंदुस्थानात बकऱ्यांचा चारा डोक्यात घालतात का. रांगेतले रोगीसुद्धा हसले. एक म्हातारा तर खोकला विसरून हसला म्हणे. दिनाने वेणी टेबलावर ठेवली आणि त्या दिवशी अगदी स्वच्छ मराठीत म्हणाली, “यापुढे मी डोक्यात काही घालणार नाही. सांगून ठेवते.”

“लग्नात तरी घालशील की नाही?”

“लग्नातही नाही.”

“मेंदीला बोडकी बसणार तू?” आईचा आवाज चढला. पप्पांनी पेपर वर केला. दिनाही काही कमी नव्हती. पण आईच्या डोळ्यांत पाणी बघून ती जराशी नमली, आणि नमता-नमता तिने अशी अट घातली की जी कधी पुरी होणार नाही याची तिला खात्री होती.

“खरी शेवंती मिळाली तर घालीन. हा चारा नाही. शेवंती.”

“शब्द दिलास.”

“दिला.”

दिनाला वाटलं, विषय मिटला. आईला ओळखणाऱ्या माणसाने असा शब्द देऊ नये. दुसऱ्या दिवशी सकाळी आई फावडं घेऊन माळावर गेली आणि मातीच्या गड्ड्यासकट खार्त्सितची झाडं उपटून आणून पुढच्या अंगणात लावू लागली. पप्पांनी विचारलं तेव्हा म्हणाली, “शेवंती काय आभाळातून पडली होती? पहिल्यांदा कुणीतरी रानातूनच आणली असणार. अंगणात आली, चार पाणी जास्त प्याली, मायेने वाढवली, की रानातली घरची होते.” पप्पा म्हणाले, “मला संत्र्यातलं कळतं,” आणि पेपरात तोंड घातलं. दोन बायकांच्या भांडणात हे त्यांचं कायमचं उत्तर होतं.

आता आईने काय केलं ते ऐका. शेवंतीचं बी कुणी पेरत नाही. फुलं संपली की झाड बुडख्यापासून कापायचं, शेण घालायचं, पाणी द्यायचं, मग बुडख्याच्या बाजूने कोवळे फुटवे येतात. त्यांना काश्या म्हणतात. त्या काढून लावल्या की नवा वाफा. तिच्या आईने हेच केलं होतं, आजीने हेच केलं होतं. तिनेही फुलं वाळल्यावर सगळी झाडं बुडख्याशी छाटली, क्लाराबाईंकडून कोंबड्यांचं खत आणून घातलं आणि त्या खुंटांना पाणी घालायला लागली. उन्हाळा सुरू झाला. माळावरची खार्त्सित वाळून केव्हाच कोळ झाली होती. आमच्या अंगणात मात्र रोज संध्याकाळी आई वाळक्या काड्यांना पाणी घालत उभी. आमच्या रांगेतल्या मोरोक्कोच्या बायका येता-जाता थांबायच्या. एकीने मला विचारलं की तुझी आई बरी आहे ना. क्लाराबाईंनी तर हाताने उपटून दाखवलं की बाई, हे मेलं आहे, मूळसुद्धा उरलेलं नाही. आई मान हलवायची, हसायची आणि पाणी घालायची. माझ्या शाळेतल्या मैत्रिणी घरी यायच्या वेळी मी पाण्याचा डबा लपवून ठेवायची.

पहिला पाऊस पडला आणि काही दिवसांनी आई सकाळीच ओरडत घरात आली, “काश्या आल्या गो, काश्या आल्या.” आम्ही धावलो. खरंच खुंटांभोवती कोवळी कातरलेली पानं जमिनीतून डोकावत होती. आईने तिथल्या तिथे एलियाहू नबीला मलिदा बोलला, म्हणजे पोहे, खोबरं, साखर आणि फळांचं ताट. पप्पा मात्र खाली बसले आणि एक काशी हलकेच ओढून पाहिली. ती मुळासकट सुटून हातात आली. खुंटाशी तिचा काही संबंध नव्हता. वाळक्या फुलांतून पडलेलं बी उगवलं होतं. उन्हाळाभर घातलेलं पाणी कुणाच्या कामी आलं असेल तर ते मुंग्यांच्या. आईने ते रोप हातात घेऊन बघितलं आणि म्हणाली, “बियांनी येते होय. मग तसं सांगायचं होतं.” कुणी सांगायचं होतं ते मला आजवर कळलेलं नाही. मलिदा तिने केलाच. बोललेलं बोललेलं.

त्या वसंतात फुलं आली. रानातली होती तशीच, एकेरी. पण दोन-चार झाडांवर पाकळ्यांची आणखी एक अर्धवट रांग होती. आईने त्या फुलांना लाल दोरा बांधला. ती वाळेपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही आणि त्यांचं बी बॉम्बेहून आलेल्या हॉर्लिक्सच्या बाटलीत भरून ठेवलं. दिना बाटलीकडे बघून म्हणायची, “इमा, ती खार्त्सितच आहे.” आई म्हणायची, “बघू.”

मग दिनाचं जमलं. मुलगा आपल्यातलाच, बेनी. दिमोनात विजेच्या तारा ओढायच्या कामावर होता. सरळ, हसरा आणि उत्साही. उत्साह त्याचा जरा जास्तच. पहिल्यांदा घरी आला तेव्हा न सांगता आमचं गळकं छप्पर दुरुस्त करायला चढला आणि चार कौलं फोडून उतरला. आईला तो फार आवडला. त्याची आई बॉम्बेहून बोटीने वसंतातल्या पेसाखच्या सणानंतर यायची होती. पेसाखपासून पुढे सात आठवड्यांनी येणाऱ्या शावुओतपर्यंत लग्नं लागत नाहीत, म्हणून लग्न शावुओतनंतर, म्हणजे ऐन उन्हाळ्यात ठरलं. दिनाने सुटकेचा निःश्वास टाकला, कारण उन्हाळ्यात त्या देशात खार्त्सितची वाळकी काडीसुद्धा उभी नसते.

आईने बोटांवर महिने मोजले. कुणीच बी पेरत नाही तेव्हा, हिवाळा सरता-सरता पेरायचं तिने ठरवलं, म्हणजे फूल उशिरा, उन्हाळ्यात येईल. पेसाखच्या महिनाभर आधी, पुरिमच्या सणाला घरात पुरणपोळ्यांचा घाट होता. चण्याची डाळ मिळत नसे, म्हणून छोले शिजवून त्यांचं पुरण. ते वाटता-वाटता आमचे हात भरून येत आणि स्टोव्हच्या आवाजात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू जात नसे. त्यातच पुरणाच्या हातांनी आई अंगणात गेली आणि हॉर्लिक्सची बाटली उघडून बी टाकून आली. रोपं वीतभर झाली तसे तिने शेंडे खुडायला सुरुवात केली. शेवंतीचा शेंडा खुडला की फूल लांबतं आणि झाड पसरतं, हे तिला माहेरून ठाऊक होतं. खुडलेले शेंडे ती वाया घालवायची नाही. लसूण आणि सुकी मिरची घालून त्यांची भाजी करायची, ती जराशी कडू आणि भाकरीबरोबर चांगली लागे. माळ पिवळा झाला, माळ वाळला, आमचा वाफा हिरवाच. रोज सकाळ-संध्याकाळ पाणी. काड्यांना पाणी घालताना हसणाऱ्या मोरोक्कोच्या बायका आता थांबून विचारायच्या, केव्हा फुलणार. शावुओत झाला आणि कळ्या उघडायला लागल्या.

आता मला तुम्हाला खरं सांगायला हवं, की ती फुलं काही आजोळच्या शेवंतीसारखी गच्च नव्हती. काही एकेरीच होती, काहींना दोन रांगा, आणि मोजकीच अशी, की ज्यांच्या मधल्या डोळ्यावरही पाकळ्या चढल्या होत्या. पण त्या उन्हात, जिथे बाकी सगळं करपलेलं, तो वाफा बघून माझ्यासारख्या लाजऱ्या मुलीलाही आईचा अभिमान वाटला. दिना रोज खिडकीतून बघायची. एकदा मला म्हणाली, “चांगली दिसतात. पण मल्का येणार आहे लग्नाला.” तिचं मन मला कळत होतं. तिने या देशात मान खाली घालून पहिलं वर्ष काढलं होतं आणि आता कुठे ती वर केली होती.

मेंदीच्या आदल्या दिवशी बेनी आपल्या मित्रांना घेऊन मांडव घालायला आला. नवरदेव स्वतः सासरी मांडव घालतो, हे आईने बापजन्मी ऐकलं नव्हतं, पण तिने बोलायचं टाळलं. ती वेण्यांसाठी पांढरा दोरा आणायला दुकानात गेली. मी आत तांदूळ निवडत होते. दिना केस कुरळे करायला रूळ लावून नखं रंगवत बसली होती. बाहेर ठोकाठोकी, हसणं, बेनीचं गाणं. थोड्या वेळाने दिना सहज खिडकीशी गेली आणि तिथेच थिजली. मीही उठून पाहिलं. बेनीने शर्ट काढला होता आणि घाम गाळत आमच्या अंगणातलं गवत उपटत होता. सैन्यात छावणीतली खार्त्सित उपटण्यात त्याचा हात बसलेला. एकूण एक झाड निघालं होतं. तो मूठ-मूठ उचलून कुंपणावरून क्लाराबाईंच्या कोंबड्यांना टाकत होता.

मी दिनाकडे बघत होते. तिच्या चेहऱ्यावर आधी सुटका आली, खोटं कशाला सांगू. शेवंती नाही, तर शब्द नाही. आणि दोष कुणाचा, तर जावयाचा, ज्याला कुणी काही बोलणार नाही.

तेवढ्यात आई आली. फाटकात उभी राहिली. बेनी हसत म्हणाला, “आई, बघा, सगळं साफ करून टाकलं. केवढं गवत माजलं होतं. आता माणसं बसतील.”

आईने वाफ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तो इतका खूश होता की कुणाच्याही जिवावर आलं असतं. ती म्हणाली, “बरं केलंत, बाबा. दमलात. चहा टाकते.” आणि आत आली. स्टोव्ह पेटवला, पण स्टोव्हशी बोलली नाही. आधण ठेवलं. मग खाटेच्या कडेला बसून पिशवीतून दोऱ्याचं रीळ काढलं. वेण्यांच्या मापाचा दोरा तिने दुकानातच रिळावरून सोडून मोजून ठेवला होता. तो सुटलेला दोरा ती पुन्हा रिळावर गुंडाळायला लागली. हळूहळू, एकेक फेरा. आमच्याकडे बघितलं नाही, रडली नाही, एक शब्द नाही. शेजारी कोंबड्या मजेत कलकलत होत्या.

दिनाने तिला तसं बघितलं आणि नखांचा रंग सांडला तरी तिला कळलं नाही. ती उठली आणि रूळ लावलेल्या केसांनी, पायांत एकच चप्पल, क्लाराबाईंच्या अंगणात धावली. मी मागोमाग. जाळीचं दार तिने असं उघडलं की दोन कोंबड्या रस्त्यावर पळाल्या. बाकीच्या फुलांवर तुटून पडल्या होत्या. दिना सरळ त्यांच्यात खाली बसली आणि त्यांच्या चोचींतून फुलं ओढायला लागली. ओल्या रंगाच्या नखांना माती आणि पिसं चिकटली. क्लाराबाई दारात येऊन रोमानियन भाषेत देवाचं नाव घेऊ लागल्या, आणि मग काय चाललंय ते कळल्यावर त्यांनीही केरसुणी घेऊन आपल्याच कोंबड्या हाकलल्या. बेनी कुंपणापलीकडून विचारत होता, “काय झालं? दिना, काय झालं?”

“काही नाही,” ती म्हणाली. “तू मांडव घाल. आणि कशाला हात लावू नकोस.”

स्कर्टच्या ओच्यात फुलं घेऊन ती घरात आली आणि ओचा आईच्या पुढ्यात मोकळा केला. मातकट, काही चोची मारलेली, पण खूप होती. बऱ्याच झाडांना कळ्याही होत्या. “पाण्यात ठेव,” दिना म्हणाली, अगदी मराठीत. “उद्यापर्यंत टिकतील.” आई फुलांकडे बघत राहिली. मग म्हणाली, “चहा उकळून गेला गो,” आणि तिथून पुढे तिचं तोंड लग्न लागेपर्यंत थांबलं नाही. बेनीला खरं काय झालं ते मेंदीच्या दिवशी समजलं. जन्मभर त्याने आमच्या अंगणातलं एक पान विचारल्याशिवाय तोडलं नाही. परवा माझ्याकडे आला होता, आता काठी घेऊन चालतो. गॅलरीतल्या कुंडीजवळ बसायला सांगितलं तर म्हणाला, तिथे नको, मी इकडे लांबच बरा.

मेंदीला दिना हिरव्या साडीत, हिरव्या बांगड्यांत बसली, केसांत ती वेणी. आईने चोच लागलेली फुलं आतल्या बाजूला आणि भरगच्च ती वर अशी गुंफली होती. अंगण माणसांनी भरलं होतं. क्लाराबाई, मोरोक्कोच्या बायका, बोटीने आलेली विहीणबाई, आणि दवाखान्यातल्या मुलींच्या घोळक्यात मल्का. मी दिनाच्या शेजारी मेंदीची वाटी धरून होते. मल्का जवळ आली, वाकून वेणी पाहिली आणि म्हणाली, “हे काय, दिना? खार्त्सित? आणि या दिवसांत?” तिच्या आवाजात या वेळी कुचेष्टा होती की नुसतं नवल, ते मी आजही सांगू शकत नाही. आजूबाजूच्या मुली वळून बघायला लागल्या.

दिनाने मान खाली घातली नाही. आपल्या फर्ड्या हिब्रूत, सगळ्यांना ऐकू जाईल अशी ती म्हणाली, “खार्त्सित रानात असते. ही शेवंती आहे. माझ्या आईने लावली.”

आई मागे उभी होती. त्या हिब्रूतून तिने ‘शेवंती’ हा एकच शब्द धरला. तिने माझा खांदा हलवून विचारलं, “काय म्हणाली गो ती?” मी मराठीत सांगितलं. आईने पदराने डोळे पुसले, नाक पुसलं, आणि म्हणाली, “मग मी इतके दिवस दुसरं काय सांगत होते?”